उसनी तलवार, स्वतःची चोपडी

कोरियन तलवारबाजीचा विषय निघाला की दहा मिनिटांत दोन तट पडतात. एक म्हणतो, कुमदो म्हणजे जपान्यांचा केंदोच, पाटी तेवढी बदललेली. दुसरा म्हणतो, छे, गंगा उलटी वाहिली. लोखंड कोरियाचे, तलवार कोरियाची, 'समुराई' हा शब्दसुद्धा 'साउलाबी' या कोरियन शब्दाचा अपभ्रंश. कोरियन मालिकांमुळे हे भांडण आता आपल्याही घरांत आले आहे. माझी भाची दोन हजार वर्षांची अखंड परंपरा इतक्या ठामपणे सांगते, की प्राचीन कोरियातल्या सिल्ला राज्याच्या दरबारात ती स्वतः हजर असावी असे वाटते. ('समुराई' हा शब्द 'सबुराउ', म्हणजे सेवेत हजर राहणे, या जुन्या जपानी क्रियापदावरून आला आहे, हे सांगितल्यावर तिने माझ्याशी दोन दिवस अबोला धरला.) दोन्ही तटांना हवा आहे तो एक सातबारा, ज्यावर मूळ मालक म्हणून एकच नाव असेल. तसा उतारा कुठल्याच दप्तरात नाही. जे आहे ते त्याहून दुर्मीळ आहे. कुणाकडून काय शिकलो, याची कोरियन लोकांनीच राजाच्या आज्ञेने, चित्रांसकट लिहून ठेवलेली नोंद आहे. माझ्या मते कोरियन तलवारविद्येचा सगळ्यात अभिमानास्पद भाग तिचे प्राचीनत्व नसून ही उघड उसनवारी आहे. ती झाकणारे देशभक्त आणि तिला हसणारे टीकाकार, दोघेही ती चोपडी न उघडताच भांडत आहेत.

आधी पहिल्या तटाचे जे खरे आहे ते देऊन टाकू. आज कोरियातल्या शाळा-कॉलेजांत आणि पोलिस दलात जो कुमदो खेळला जातो, त्याचा सांगाडा जपानी आहे. बांबूच्या चार पट्ट्या चामड्याने आवळून केलेली तलवार, तोंडावर लोखंडी जाळी, छातीला कवच, मनगटांवर गुबगुबीत हातमोजे हा सगळा सरंजाम जपानमध्ये अठराव्या शतकात बसत गेला. शिष्य जायबंदी न होता पूर्ण ताकदीचा वार घालता यावा, ही त्यामागची साधी गरज. 1895 साली क्योतोत दाई निप्पॉन बुतोकुकाई ही युद्धकलांची संस्था उभी राहिली. पुढच्याच वर्षी कोरियाच्या पोलिसांच्या शिक्षणात हा सराव आला आणि 1910 नंतरच्या जपानी राजवटीत शाळाशाळांत पसरला. स्वातंत्र्यानंतर कोरियन संघटनेने काही फेरफार केले. सामन्याआधी उकिडवे बसून करायचे अभिवादन काढले आणि उभ्यानेच मान लववायची पद्धत ठेवली. पंचांच्या हातात लाल-पांढऱ्याऐवजी निळे-पांढरे झेंडे दिले. 'मेन', 'कोते', 'दो' या जपानी हाकांच्या जागी 'मॉरी', 'सोनमोक', 'हॉरी', म्हणजे सरळ डोके, मनगट, कंबर असे रोजचे कोरियन शब्द घेतले. घराला नवा रंग दिला, घर तेच राहिले.

मग त्यात लाज कसली? 2006 साली तैपेईच्या जागतिक स्पर्धेत जपानचा पुरुष संघ उपांत्य फेरीत अमेरिकेकडून हरला आणि अंतिम फेरीत अमेरिकेला हरवून कोरियाने सांघिक विजेतेपद घेतले. आपण क्रिकेट इंग्रजांकडून घेतले आणि 1983 साली त्यांच्याच लॉर्ड्सवर विश्वचषक उचलला. त्यासाठी विटीदांडू हाच क्रिकेटचा बाप आहे असे सिद्ध करत बसण्याची गरज कपिल देवला पडली नाही.

दुसऱ्या तटाकडेही दमदार मुद्दे आहेत. पुरातत्त्वाचा कौल बऱ्याच अंशी त्यांच्या बाजूने आहे. इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांत लोखंडकाम आणि मुठीच्या टोकाला कडे असलेल्या सरळ तलवारी कोरियन द्वीपकल्पातून समुद्र ओलांडून जपानमध्ये गेल्या. जपानमधल्या नारा प्रांतात, इसोनोकामी देवस्थानात, दोन्ही अंगांना मिळून सहा फाटे फुटलेली एक विलक्षण तलवार जपून ठेवली आहे. सातवे टोक मधल्या पात्याचे. पॅकजे या प्राचीन कोरियन राज्याने ती जपानच्या राजाला दिली असे तिच्यावरच्या सोन्याच्या अक्षरांत म्हटले आहे आणि तिचा काळ बहुतेक अभ्यासक इ.स. 369 धरतात. पण त्या पात्याकडे एकदा नीट बघा. त्या फाट्यांनी कुणी झुंज देईल का? ती मानाची भेटवस्तू आहे. तलवार कुठे घडली आणि ती चालवण्याची विद्या कुठे घडली, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. एकाचे उत्तर दुसऱ्याच्या खिशात घालता येत नाही. आपल्याकडची 'फिरंग' घ्या. पाते युरोपातून आलेले, मूठ इथली, हात घालून दिले ते इथल्याच वस्तादांनी. संग्रहालयात तिच्याखाली 'मराठा तलवार' अशी चिठ्ठी लावलेली असते आणि ती खोटी नसते. मात्र त्या चिठ्ठीच्या जोरावर पोलादाचा उगमही सह्याद्रीत झाला असे म्हणायला कुणी लागले तर त्याला थांबवावे लागेल.

सिल्लाच्या ह्वारांग नावाच्या लढवय्या तरुणांच्या कथाही अशाच. 1145 साली लिहून झालेल्या 'सामगुक सागी' या इतिहासात किम यू-सिन या सेनापतीची हकीगत आहे. तरुणपणी तो तलवार घेऊन डोंगरात एकटा प्रार्थनेला बसला आणि आकाशातून उतरलेल्या ताऱ्यांच्या तेजाने त्याची तलवार थरथरल्यासारखी वाटली. सुंदर आहे. पण वार करताना पुढचा पाय कुठे पडला, कोपर किती वाकले, समोरच्याचा वार कशावर घेतला, यातले अक्षरही तिथे नाही. त्या तरुणांना तलवार चालवता येत नव्हती असे मी म्हणत नाही. येत असणारच, राज्ये तलवारीवाचून चालत नव्हती. पण त्यांचे हात, त्यांचे पवित्रे आपल्यापर्यंत पोचलेले नाहीत. 1980 च्या दशकात उभी राहिलेली हेदोंग गुमदो ही शैली स्वतःची मुळे गोगुर्यो या जुन्या कोरियन राज्याच्या 'सामुरांग' नावाच्या योद्ध्यांत सांगते. 'सामगुक सागी' मात्र अशा कुठल्या पथकाला ओळखत नाही.

आता खऱ्या इतिहासाकडे वळू. हा इतिहास अभिमानापेक्षा नामुष्कीपासून सुरू होतो, म्हणून तो कुणाला आवडत नाही. जोसॉन राजवटीचे मुख्य शस्त्र होते धनुष्य. 1402 साली सुरू झालेल्या लष्करी परीक्षेत उभ्याने तिरंदाजी होती, घोड्यावरून तिरंदाजी होती, घोड्यावरून भाल्याचे हात होते. तलवारीचा पेपरच नव्हता. तलवार कमरेला असे, पण तिच्यावर कुणाची बढती अवलंबून नसे. मग 1592 साली जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या फौजा बुसानला उतरल्या. त्यांच्याकडे बंदुका होत्या, आणि बंदुकीचा धूर विरायच्या आत अंगावर येणारे, शंभर वर्षांच्या यादवीत तयार झालेले तलवारबाज होते. धनुर्धराला अंतर लागते. अंतर संपले की त्याच्या हातात उरते ती न शिकलेली तलवार. तीन आठवड्यांत राजधानी पडली.

त्यानंतर जे झाले ते मला या सगळ्या इतिहासात सगळ्यात मोलाचे वाटते. राजा सोंजोने 1594 साली दरबाराला खडसावल्याची नोंद राज्याच्या अधिकृत बखरीत आहे. आपल्या लोकांना दुसऱ्या देशाची कला शिकायला आवडत नाही, उलट ते तिला हिणवतात. जपान्यांच्या तलवारीला तोड नाही, शरण आलेल्यांत कितीतरी उत्तम तलवारबाज होते, त्यांना शिकवायला लावा असे मी पुन्हा पुन्हा सांगितले आणि तुम्ही त्यांना पांगवून टाकले, असा तिचा आशय. देश जळत असताना, तो जाळणाऱ्यांकडून शिका असे सांगणारा राजा! आणि ऐकत नाहीत म्हणून वैतागलेला! आजच्या वादातले दोन्ही तट त्या एका नोंदीत आधीच उभे आहेत: शिकायला तयार असलेले, आणि शिकणे म्हणजे कमीपणा मानणारे. चारशे वर्षांपूर्वी राजा कुठल्या बाजूला होता हे देशभक्तांनी जरूर पाहावे.

युद्ध चालू असतानाच नवे प्रशिक्षण दल उभे राहिले. हान ग्यो नावाचा अधिकारी मदतीला आलेल्या चीनच्या मिंग सैन्याच्या छावणीत खेटे घालू लागला. 1598 साली त्याने 'मुये जेबो' हे पुस्तक पुरे केले. त्यात शस्त्रे सहा: लांब काठी, वेताची ढाल, फांद्या तशाच ठेवलेला लांब बांबू, लांब भाला, त्रिशूळ आणि दोन्ही हातांनी धरायची लांब तलवार. शेवटी त्याने मिंग अधिकाऱ्याला विचारलेले प्रश्न आणि त्याची उत्तरेही जोडली. म्हणजे आपल्याला काय कळत नव्हते, हेसुद्धा छापले.

त्या लांब तलवारीचा प्रवास ऐका. हान ग्योचा आधार होता मिंग सेनापती छी जीग्वांगचा युद्धग्रंथ. छी जीग्वांगची उमेदीची वर्षे चीनच्या किनाऱ्यावर चाचेगिरी करणाऱ्या जपानी टोळ्यांशी लढण्यात गेली. 1561 साली एका लढाईत त्याच्या हाती जपानमधल्या 'कागे-र्यू' या घराण्याच्या पवित्र्यांची गुंडाळी लागली. त्याने ती फेकून दिली नाही, अभ्यासली आणि आपल्या शिपायांना तसली तलवार शिकवली. म्हणजे जपानी विद्या चीनमध्ये गेली, चीनमधून पुस्तकाच्या रूपाने कोरियात आली आणि कोरियन शिपाई ती जपान्यांविरुद्ध शिकू लागला. आता उलटा प्रवास. 1621 साली माओ युआनयी या चिनी ग्रंथकाराने आपल्या अवाढव्य युद्धकोशात तलवारीचे 24 पवित्रे दिले आणि लिहिले, की हे एका हौशी माणसाला जोसॉनमध्ये मिळाले. चीनमध्ये जे हरवते ते चारी दिशांच्या परक्यांकडे शोधावे लागते. आणि हेच पवित्रे 1790 साली कोरियनांनी आपल्या ग्रंथात घेतले, ते माओच्या पुस्तकावरून! स्वतःच्या घरातली वस्तू शेजाऱ्याच्या फडताळातून परत आणल्यासारखे. या येरझारांत 'उगम' नावाचा खिळा नेमका कुठे ठोकायचा?

तो 1790 चा ग्रंथ म्हणजे 'मुये दोबो थोंगजी'. राजा जोंगजोच्या हुकमावरून यी दॉक-मू, पाक जे-गा आणि पॅक दोंग-सू या तिघांनी तो सिद्ध केला. पहिले दोघे राजाच्या ग्रंथालयातले विद्वान, तिसरा हाडाचा शिपाई. तिघेही अनौरस शाखांतले, म्हणजे प्रतिष्ठितांच्या पंगतीत ज्यांना पाट मिळत नसे असे. ग्रंथात 24 प्रकार आहेत. प्रत्येक पवित्र्याचे चित्र, पुढे संपूर्ण क्रमाचा तक्ता, आणि मूळ मजकूर अभिजात चिनी भाषेत असल्याने साध्या शिपायासाठी हंगुल लिपीतला वेगळा खंड. संदर्भासाठी वापरलेल्या दीडशेच्या आसपास ग्रंथांची यादी आरंभीच दिलेली. तलवारींच्या प्रकारांची नावे वाचली तरी पुरे. एकाचे नाव 'जेदोक गॉम', मिंग सेनापतीच्या पदावरून पडलेले. एकाचे 'वेगॉम', म्हणजे चक्क 'जपानी तलवार'. आणि एकाचे 'बोनगुक गॉम', आपल्या देशाची तलवार. तिन्ही एका पुठ्ठ्यात, शेजारी-शेजारी.

'वेगॉम'च्या प्रकरणात किम चे-गॉन या शिपायाची हकीगत येते. राजा सुकजोंगच्या काळात हा गडी वकिलातीबरोबर जपानला गेला, तिथली तलवार शिकला आणि चार जपानी घराण्यांचे हात घेऊन परत आला. त्यांतले एकच पुढे टिकले, बाकीचे सरावाअभावी गेले, हेही ग्रंथ लपवत नाही. राजासमोर त्याने तलवार फिरवत गिरक्या घेतल्या त्या टाचा उचलून, पायाच्या अंगठ्यांवर चालत. पण तो नुसता नकलाकार राहिला नाही. शिकलेल्या हातांवरून त्याने दोघांनी समोरासमोर करायचा सराव बांधला, आणि तो 'ग्योजॉन' या नावाने ग्रंथात आहे. आता सांगा, हा सराव जपानी की कोरियन? ग्रंथकर्त्यांना हा प्रश्न अडला नाही. विद्या जपानची, बांधणी चे-गॉनची, असे लिहून ते पुढच्या पानाकडे गेले.

हा मोकळेपणा अपघाताने आलेला नाही. पाक जे-गाने 1778 साली छिंग चीनचा प्रवास करून 'बुखाकउई' हा ग्रंथ लिहिला होता. कोरियन उमराव मांचू राज्यकर्त्यांना रानटी समजत. पाक म्हणत होता, त्यांच्या गाड्या बघा, विटा बघा, व्यापार बघा आणि शिका. त्याच लेखणीने पुढे तलवारीचा ग्रंथ लिहिला. शेजाऱ्याकडून गाडीचे चाक घ्यायला ज्याला लाज वाटली नाही त्याला तलवार घ्यायला का वाटावी?

'बोनगुक गॉम'च्या बाबतीत तरी त्यांनी पुराण रचले की नाही? इथे देशभक्त हमखास बोट ठेवतात. ग्रंथात सिल्लाच्या ह्वांगचांगची दंतकथा आहे. सात वर्षांचा मुलगा पॅकजेच्या बाजारात तलवारीचा नाच करतो, पाहायला गर्दी लोटते, राजा त्याला राजवाड्यात बोलावतो आणि नाचता नाचता तो राजाला भोसकतो. मुलगा मारला जातो, आणि सिल्लाचे लोक त्याच्या चेहऱ्याचा मुखवटा करून तो नाच पुढे चालवतात. या कथेत 'आपल्या तलवारी'चे मूळ ग्रंथकर्त्यांनी सांगितले खरे. पण त्याच ठिकाणी ते असेही म्हणतात, की सिल्ला जपानचा शेजारी होता, तेव्हा या विद्येची देवघेव झालेली असणार. मात्र आता ते तपासून पाहता येत नाही. स्वतःच्या राष्ट्रीय तलवारीच्या पानावर, राजाज्ञेने लिहिताना, 'तपासता येत नाही' हे शब्द! आज छाती फुगवून ह्वांगचांगचा दाखला देणारे नेमके हेच वाक्य गिळतात.

यावर एक आक्षेप मला मनापासून छळतो. पस्तीस वर्षे ज्यांची भाषा दडपली गेली, नावे बदलून जपानी करायला लावली गेली, त्या लोकांनी स्वातंत्र्यानंतर थोडे पुराण रचले तर पुण्यात बसून त्यांना पुरावे मागणारे आपण कोण? शिवाय हे जगभर चालते. ओकिनावाच्या कराटेचे नाव 'चिनी हात' अशा अर्थाच्या अक्षरांनी लिहीत. 1936 साली तिथल्या गुरूंनी बैठक घेऊन 'रिकामा हात' ही अक्षरे पक्की केली आणि चीनचे नाव गळाले. तायक्वांदोचे आरंभीचे बरेच गुरू कराटे शिकलेले होते. 1955 साली नाव ठरले आणि पुढे दोन हजार वर्षे मागे जाऊन मुळे शोधली गेली. मग एकट्या तलवारवाल्यांवरच डोळे का वटारायचे?

आक्षेपातली व्यथा खरी आहे. पण जखम कुठे झाली हे तरी अचूक दाखवायला हवे. जुनी तलवारविद्या जपान्यांनी संपवली, हे अर्धेच खरे आहे. जुने प्रशिक्षण दल 1880 च्या दशकाच्या आरंभीच मोडले. 1894 च्या सुधारणांत लष्करी परीक्षा बंद झाली. ज्या सैन्यात 'मुये दोबो थोंगजी'चे हात घोटले जात ते सैन्य रायफलींपुढे निरुपयोगी ठरले आणि कोरियन राज्याने स्वतःच ते आवरले. 1907 साली जपानने उरलेसुरले सैन्य बरखास्त केले तेव्हा ते आधुनिक बंदूकधारी सैन्य होते. म्हणजे साखळी तुटली ती बऱ्याच अंशी काळाने. जपानी राजवटीचा खरा घाव असा, की त्या रिकाम्या जागेत स्वतःचे काही परत उभे करायची सवड मिळायच्या आत दुसऱ्याची इमारत उभी राहिली. हे नीट सांगितले तर गुन्हा लहान होत नाही. पण दोन हजार वर्षांची अखंड परंपरा जपान्यांनी तोडली असे म्हटले की समोरचा पहिला प्रश्न विचारतो, अखंड होती याचा पुरावा? आणि खरी तक्रारही त्या खोट्या दाव्याबरोबर वाहून जाते. शिवाय हे पुराण रचताना बळी जातो तो किम चे-गॉनचा. जपानला जाऊन शिकून आलेल्या माणसाला अखंड, शुद्ध परंपरेत जागाच नाही.

(आणखी एक गंमत. 'मुये दोबो थोंगजी' 2017 साली युनेस्कोच्या जागतिक स्मृतिपटावर गेला, तो उत्तर कोरियाच्या प्रस्तावावरून. मालकीचा वाद जपानशी घालता घालता घरातच भावाने नोंदणी उरकली.)

सोलच्या दक्षिणेला सुवोन शहर आहे. जोंगजोने 1794 ते 1796 या काळात तिथे ह्वासॉंग किल्ला बांधला. मुलाकडे गेलो होतो तेव्हा एका सकाळी तिथल्या राजवाड्याच्या दारासमोर 24 प्रकारांचे प्रात्यक्षिक पाहिले. भाताच्या पेंढ्याचे ओले भारे एका तिरक्या वारात खाली आले, तोडलेला भाग क्षणभर जागेवरच थबकून मग घसरला. मग दोघे समोरासमोर उभे राहिले. ध्वनिक्षेपकावरून नाव पुकारले गेले: वेगॉम ग्योजॉन. जोसॉनचा गणवेश, जोसॉनचा वाडा आणि पुकारा जपानी तलवारीचा. आजूबाजूच्या शाळकरी पोरांनी टाळ्या वाजवल्या.

खेळ संपल्यावर त्यांच्यातला एक जण पायरीवर बसून मुठीची सैल झालेली दोरी आवळत होता. हे कुणाकडून शिकलात, असे मी मुलामार्फत विचारले. कुणा डोंगरातल्या गुरूचे नाव येईल असे वाटले होते. तो म्हणाला, पुस्तकातून. मग उठून दोन पवित्रे करून दाखवले, एका चित्रातला आणि त्याच्या पुढच्या चित्रातला. पहिल्यात उजवा पाय पुढे, दुसऱ्यात पाठ फिरलेली आणि डावा पाय पुढे. मधले चित्र पुस्तकात नाही. तो एकदा उजव्या टाचेवर वळला, मग परत मागे येऊन डावे पाऊल आधी टाकून वळला. पूर्वी आम्ही पहिल्यासारखे करायचो, म्हणाला, आता दुसऱ्यासारखे करतो. तलवार जड असली की पहिले जमत नाही.